माहितीपट बघून भाच्यानं दूध सोडलं, आता साखरही सोडली. काय करू?

विश्रामबागची मामी
नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसती वाचनमात्र असते, पण आज डोकं उठलंय.

माझा भाचा पुण्याहून महिनाभर सांगलीला आमच्याकडे आलाय. लॅपटॉप इथं, ऑफिस तिथं. पोरगं गुणी आहे. आला त्या दिवशी शेजारच्यांकडून आलेला खरवस दोनदा मागून खाल्ला. मग एका शनिवारी रात्री त्यानं कुठलासा व्हेगन (जनावरांपासून आलेलं दूध-तूपसुद्धा न खाणाऱ्यांचा) माहितीपट बघितला आणि रविवारी सकाळी चहा काळा झाला. तेही ठीक. पण आता त्याला आम्हालाही शहाणं करायचंय. आमचे हे कपातला पहिला घोट घेतात आणि समोरून प्रश्न येतो, "मामा, हे दूध कुणासाठी होतं माहितीये?" ह्यांनी चहा बाल्कनीत न्यायला सुरुवात केलीय.

वरणावर सवयीनं तूप पडलं की ताट बदला. सत्यनारायणाच्या तीर्थाला हात पुढं केला, पंचामृत आहे म्हटल्यावर मागं घेतला. सासूबाई दोन दिवस गप्प आहेत. परवा साखरही गेली, का तर म्हणे ती जनावरांच्या हाडांच्या कोळशानं पांढरी करतात.

काल त्यानं आम्हा दोघांना बसवून 'द गेम चेंजर्स' हा व्हेगन खेळाडूंवरचा माहितीपट दाखवला. त्यात तीन खेळाडूंवर रात्रीचा एक प्रयोग आहे, पुरुषांच्या 'त्या' बाबतीतला. ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल. ह्यांना रिमोट सापडेना, मी उठून कुकर लावला, आणि घरात कुणाला भूक नव्हती.

तर विचारायचं असं, की ह्या माहितीपटांत खरं किती असतं? आणि पुढच्या आठवड्यात गौरी आहेत, ह्याला पुरणपोळी कशाशी वाढू?

बोलका पोपट
गुळवणी. संपला धागा.

अजिंक्यतारा
गुळवणीत दूध घालतात हो पोपटराव. बिनदुधाची करायची तर मामींनी नारळाचं दूध घालावं, छान लागते.
आमच्या साताऱ्यात हा भाचा आला असता तर कंदी पेढ्याच्या दुकानांवरून डोळे मिटून न्यावा लागला असता. मधही बंद असेल ना? महाबळेश्वर तालुक्यात आमचं मांघर आहे, मधाचं गाव म्हणून २०२२ मध्ये जाहीर झालेलं. तिथल्या माणसांना जाऊन हा काय सांगेल, ते ऐकायला मी माझ्या खर्चानं गाडी पाठवतो.

कृष्णाकाठचा मास्तर
मामी, तुम्ही बघितलात तो सिनेमा मीही बघितलाय, मुलीच्या आग्रहावरून, वही घेऊन. (मास्तर आहे, खोड जात नाही.)

पहिली गोष्ट, निर्मात्यांची नावं वाचावीत. 'टायटॅनिक'वाले जेम्स कॅमेरॉन त्यात आहेत, आणि त्याच सुमारास त्यांनी कॅनडात वाटाण्याच्या प्रोटीनच्या धंद्यात पैसा घातला होता. म्हणून सिनेमा खोटा ठरत नाही. पण बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं बेदाण्याच्या गुणांवर सिनेमा काढला तर आपण जेवढ्या सावधपणे बघू, तेवढ्या सावधपणे बघावा.

दुसरी, ती रक्ताच्या नळ्यांची दृश्यं. मांस खाल्लेल्याचं रक्त गढूळ, बीन्स खाल्लेल्याचं स्वच्छ. आता कुठलंही तेलकट-तुपकट जेवण झालं की काही तास रक्तातला द्रव गढूळच दिसतो. त्यात माणसं किती? तीन. तो रात्रीचा प्रयोगही तिघांवरच. आमच्या दहावीच्या वर्गात तीन पोरांना विचारून शाळेचा निकाल सांगितला असता तर हेडमास्तरांनी मला घरी बसवलं असतं.

तिसरी, ग्लॅडिएटर, म्हणजे रोमन काळातले आखाड्यात झुंजणारे. ते शाकाहारी होते, असं सिनेमा सांगतो. तुर्कस्तानात त्यांची हाडं सापडली आणि त्यांच्या खाण्यात जव नि कडधान्यं भरपूर होती, हे खरं आहे. पण त्यातले बरेच गुलाम नाहीतर कैदी. त्यांना जे स्वस्त मिळायचं ते घातलं जायचं. त्यांनी काही आहारतज्ज्ञाला विचारून जव पसंत केले नव्हते.

आणि भाचा पुढच्या आठवड्यात 'काऊस्पिरसी' दाखवेल, तेव्हा एकच आकडा लक्षात ठेवा. २०१४ च्या त्या माहितीपटात म्हणतात की जगातले ५१ टक्के हरितगृह वायू पशुपालनामुळं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१३ चा आकडा १४.५ टक्के आहे. साडेचौदा हाही लहान आकडा नाही! तो सांगितला असता तरी लोकांनी ऐकलं असतं. फुगवायची गरज का पडली, ते मला कळत नाही.

माणदेशी
मास्तर एवढं कशाला? खाशाबा जाधव आमच्या साताऱ्याचे, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ ला हेलसिंकीत पदक. मारुती माने तुमच्या कवठेपिरानचे, हिंदकेसरी. ही माणसं काय बदामाचं पाणी पिऊन झाली का? तालमीत दूध-तुपाशिवाय अंग धरत न्हाई. विषय कट.

कृष्णाकाठचा मास्तर
माणदेशी, तुम्ही तेच करताय जे सिनेमावाल्यांनी केलं. त्यांनी एक पैलवान उभा केला, तुम्ही दोन. खाशाबा दुधामुळं जिंकले की दुधासकट जिंकले, हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही.

माणदेशी
मास्तर लोकांशी वाद घालू नये असं आमचा बा सांगायचा. बरोबर होता.

डॉक्टरीणबाई सातारा
थोडं गंभीर लिहिते.

'व्हॉट द हेल्थ' नावाच्या २०१७ च्या माहितीपटानं माझ्या दवाखान्यात जेवढी माणसं घाबरवून पाठवली तेवढी कुणी पाठवली नसतील. रोज एक अंडं म्हणजे पाच सिगारेटी, असं त्यात चक्क म्हटलंय. त्याला काही आधार नाही. दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं, हे खरं. पण तो गट 'पुरावा किती पक्का' हे सांगतो, 'धोका किती मोठा' हे नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. मुळातल्या छोट्या धोक्याच्या १८ टक्के. आणि हे सॉसेज, बेकनबद्दल आहे. आपल्याकडं बुधवारी-रविवारी शिजणाऱ्या मटणाबद्दल नाही. (त्यावरचं तेलाचं तवंग बघून माझी वेगळी तक्रार आहे, ती दवाखान्यात या, सांगते.)

आता भाच्याच्या बाजूचं. स्टॅनफर्डनं जुळ्या भावंडांच्या २२ जोड्यांवर आठ आठवडे अभ्यास केला. एकाला व्हेगन, दुसऱ्याला मिश्र पण चांगला आहार. व्हेगन गटाचं वाईट कोलेस्टेरॉल जास्त उतरलं. त्यावरही माहितीपट निघाला, २०२४ मध्ये. अभ्यास बरा आहे. पण आठ आठवड्यांत जे दिसत नाही, तेच माझ्या मते महत्त्वाचं आहे, ते म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, आपल्याला ते प्राण्यांच्या पदार्थांतून मिळतं, आणि यकृतात त्याचा साठा असतो. तो काही वर्षं पुरतो. म्हणून दूध सोडलेला माणूस पहिलं वर्ष अगदी आनंदात असतो, "बघा, मला काही झालं नाही" म्हणतो. मग तळपायाला मुंग्या यायला लागतात, विसराळूपणा येतो, आणि तोवर सिनेमा विसरलेला असतो. आपल्याकडं दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही बी-१२ कमी सापडतं, त्यामुळं साठाच मुळात तोकडा. मामी, वाद घालू नका. तपासणी करायला लावा आणि गोळी सुरू करा म्हणावं. गोळी व्हेगन मिळते.

बोलका पोपट
मुंग्या येतात म्हणजे त्या मुंग्या मारायच्या की नाहीत? व्हेगन लोकांना विचारून सांगा.

गोठेवाला पलूस
सगळं वाचलं. मी बोलू का नको ह्या विचारात दोन दिवस गेले.

माझ्याकडं सात एचएफ (होल्स्टीन, विदेशी जातीच्या) गाई आणि दोन म्हशी. पहाटे साडेचारला उठतो. शेण, धारा, वैरण, डेअरी, मग शेत. मुरघास, पेंड, सीझनला उसाचं वाढं. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागलं तर ठरलेला दर, पॉइंट खाली आला की कात्री. आमच्या गावात असली फिल्म कुणी बघत नाही, पण पोरगी कॉलेजला सांगलीत असते, तिनं मोबाईलवर दाखवली. हजारो गाई एका पत्र्याखाली, नंबर मारलेल्या, वासरं जन्मल्या जन्मल्या पिंजऱ्यात. मला ते बघून वाईट वाटलं, पण तो आमचा गोठा नव्हे. आमच्या गाईंना नावं आहेत. २०१९ च्या पुरात एनडीआरएफची बोट दारात आली तर म्हातारा बोटीत बसंना. आधी दावी कापली, जनावरं उंचावर घातली, मग बसला.

पण मी खोटं बोलणार नाही. पोरीनं एकच विचारलं, "बाबा, आपल्या गाईला खोंड झाला की त्याचं काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही. खिलार खोंड असता तर शर्यतीला, शेतीला किंमत आहे, खरसुंडीच्या बाजारात लाखाच्या गोष्टी होतात. एचएफच्या खोंडाला वशिंड नाही, ऊन सोसत नाही, औताला चालत नाही. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून खाटकाला विकायची वाट बंद. मग तो दुधावर किती दिवस पोसायचा? कुणी रात्रीचं माळावर सोडून येतं. कुणाच्या गोठ्यात तो आपोआप "मरतो". सगळ्यांना माहिती आहे, कुणी बोलत नाही. तुमच्या भाच्यानं हा प्रश्न विचारला असता तर मी त्याच्यापुढं मान खाली घातली असती. पण तो अमेरिकेतल्या पिंजऱ्याचं विचारतो, म्हणून आम्हाला त्याच्यावर हसायला सोपं जातं.

आता मी फक्त कालवडी होणारं सिमेन भरवतो. महाग आहे, दर वेळी गाभ राहीलच असं नाही, पण राहिली तर दहातल्या नऊ कालवडी होतात.

विश्रामबागची मामी
दादा, तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. दोघंही काही बोललो नाही.

हंबीर
म्हणजे चूक कायद्याची आहे. तो कायदाच

संपादक मंडळ
२०१५ च्या कायद्यावर राजकीय चर्चा इथं नको. त्यासाठी जुने चार धागे आहेत, चारही कुलूपबंद. हंबीर, तुमचा उरलेला प्रतिसाद उडवला आहे.

कराडकर
आता मीच तो. सहा वर्षं व्हेगन, राहणार कराड. दगड खाली ठेवा.

हे माहितीपट मलाही नको झालेत. दर वेळी एक नवा येतो, नातेवाईक बघतात, आणि मला फोन येतो, "अरे तू असल्या लोकांतला का?" मी सिनेमा बघून दूध सोडलं नाही. आमचा स्वतःचा गोठा होता, पलूसच्या दादांनी लिहिलंय तेच मी लहानपणी बघितलं. बास.

तुमच्या घरात भाचा त्रास देतो, मला घराबाहेर सगळे देतात. लग्नात पंगतीत मठ्ठा नको म्हटलं की वाढपी म्हणतो, "पातळ आहे, चालतंय." शिऱ्यात तूप आहे का विचारलं तर काकू म्हणतात, "अगदी थोडं, नावाला." नावाला घातलेलं तूप वाटीभर असतं. आणि शेवटचा प्रश्न ठरलेला, "मग तू जगतोस कशावर?" अहो, तुम्ही जगता त्याच्यावरच! भाकरी, झुणका, कुळथाचं पिठलं, मटकीची उसळ, भरली वांगी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, भडंग, हुरडा. तूप-दही बाजूला ठेवलं तर आपल्या गावाकडचं रोजचं जेवण व्हेगनच आहे. ते कुणी कॅमेऱ्यासमोर मांडत नाही, कारण त्यात विकायला काही नाही. सिनेमात दाखवतात ते बदामाचं दूध. पाकीट लिटरला अडीचशे-तीनशेला, आणि त्यात १०० मिलीला प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा धड नाहीत. गाईच्या दुधात तीनच्या वर असतात, सोयाच्या दुधातही तेवढीच. हे मी व्हेगन असून सांगतोय. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ, बी-१२ ची गोळी, आणि तोंड बंद. सहा वर्षांत मी एकाही माणसाला चहा पिताना टोकलेलं नाही.

मास्तर, एक तुम्हालाही. कमी दूध देणारं जनावर लिटरमागं जास्त मिथेन सोडतं, हेही त्याच अन्न व कृषी संघटनेनं लिहिलंय. "आमच्याकडं अमेरिकेसारखं नाही" म्हणून आपण एकदम सुटत नाही.

कृष्णाकाठचा मास्तर
मान्य. वहीत लिहून घेतलं.

समडोळीकर
मी जैन. सांगली भागातले आम्ही शेतकरी जैन. मामींच्या भाच्याला माझ्याकडं पाठवा, मजा येईल. तो दूध सोडून बटाटा, कांदा, लसूण, गाजर हाणतो ना? आमच्या आजीच्या हिशेबानं तो महापापी आहे. आणि त्याच्या हिशेबानं आजी.

पण आमच्यात रसत्याग आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, मीठ हे सहा रस. मुनी महाराज तर सोडतातच, साधी माणसंही काही दिवसांसाठी एखादा रस सोडतात. आजी चातुर्मासात तूप सोडायची. शेजारणीला ते चार महिन्यांनी कळायचं, तेही आजीनं पुन्हा तूप घेतल्यावर.

ठेका मिरज
भाचा तबला शिकतो का? नसेल तर सुटलात.

आमच्या मिरजेत ही साथ आलीय. माझा एक शिष्य, बावीस वर्षांचा, हात फार गोड. एक दिवस येऊन म्हणाला, "सर, पुडी कशाची असते?" म्हटलं, बकऱ्याच्या कातड्याची. "आणि वादी?" पुडी ताणून धरणारी ती वादी, तीही चामड्याची. गेला तो आठ दिवस आला नाही. मग कृत्रिम पुडीचा तबला घेऊन आला. मी वाजवून बघितला. 'ना' वाजतो, वाईट नाही. पण डग्ग्यावर तळहात घासून सूर ओढतात ती मींड काढली आणि दोघांनी एकमेकांकडं बघितलं. प्लॅस्टिकच्या बादलीला घिस्सा लागत नाही.

तंबोऱ्याच्या घोडीचंही, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचंही तसंच. पूर्वी हस्तिदंत, मग सांबरशिंग, हाड, आता इकडं बरेच कृत्रिम घोड्या बसवतात, आणि जवारी नीट काढली तर बऱ्या बोलतात. मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तीच कारागिरी बदलत्या साहित्याशी जुळवून घेतेय. तबल्यातही कुणी तरी जुळवेल. तोवर तो पोरगा माझ्या घरच्या तबल्यावर रियाज करतो. म्हणतो, "हा बकरा मी नाही मारला." मी म्हटलं, मीही नाही रे.

बोलका पोपट
मामींच्या मूळ प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणतो. साखर!

निवृत्त केमिस्ट
पोपटराव, मी त्याचीच वाट बघत होतो. सहकारी कारखान्यात पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत.

हाडांचा कोळसा ही गोष्ट खोटी नाही. परदेशात काही रिफायनऱ्यांत कच्च्या साखरेचा रंग काढायला तो वापरतात. पण आपल्या कारखान्यात ऊस गाळून थेट पांढरी साखर करतात, तिची पद्धत वेगळी. रसात पाण्यात कालवलेला चुना घालतात, गंधक जाळून त्याचा वायू सोडतात, तापवतात, गाळ खाली बसवतात. तो गाळ म्हणजे तुमची प्रेसमड, खत म्हणून शेतात जाते. मग रस आटवायचा, पुन्हा गंधकाचा वायू, मग पॅनमध्ये दाणा. गंधकावर आक्षेप घ्यायचा तर खुशाल घ्या, त्यावर मीही चार शब्द बोलेन. पण सांगली-साताऱ्याच्या कारखान्यात हाड मी पस्तीस वर्षांत एकदाच बघितलं, कँटीनमध्ये, रविवारी.

गोठेवाला पलूस
साखरेचं ठीक. पण मग त्या उसाला, हळदीला, द्राक्षाला शेणखताच्या ट्रॉल्या पडतात, त्याचं काय? गाय नको म्हटल्यावर शेण कुठलं?

कराडकर
दादा, बरोबर पकडलंत. हिरवळीचं खत घालता येतं, ताग, धैंचा. पण आमच्या वांग्याला शेजारच्या गोठ्यातलं शेणखत असतंच. मी विचारत नाही, तो सांगत नाही.

हंबीर
माझा प्रतिसाद का उडवला?

विश्रामबागची मामी
गौरी गेल्या. अहवाल देते.

केमिस्ट काकांचा प्रतिसाद मी भाच्याला न बोलता पाठवला. अर्ध्या तासानं स्वयंपाकघरात आला आणि काळ्या चहात दोन चमचे साखर घालून घेतली. "मामी, इथली चालते." आठ दिवस कडू चहा पिऊन पोराचं तोंड उतरलं होतं.

नारळाच्या दुधातली गुळवणी केली. अजिंक्यतारा, आभार. चार पोळ्या खाल्ल्या त्यानं. सासूबाईंनी त्याच्यासाठी तेल लावून भाजल्या, स्वतःहून. मी काही म्हटलं नव्हतं. पंचामृताला त्यांनीच सांगितलं, "तू तुळशीचं पाणी घे, तेही तीर्थच." बी-१२ तपासलं, कमी निघालं. डॉक्टरीणबाई, गंमत म्हणजे ह्यांचंही कमी निघालं, रोज अर्धा लिटर दूध पिऊन. आता दोघं एकाच पाकिटातल्या गोळ्या घेतात.

पलूसच्या दादांचा प्रतिसादही त्याला वाचायला दिला. तेव्हापासून माहितीपट बंद आहेत. परवा ह्यांना घेऊन गाडी काढून कुठल्याशा गोठ्यावर गेला होता. काय बोलणं झालं ते दोघंही सांगत नाहीत.

काल पुण्याला गेला. फ्रिजमध्ये बदामाच्या दुधाची दोन पाकिटं राहिली. आज सकाळी आमचं दूध आलं नाही म्हणून ह्यांनी त्यातलं चहात घातलं. फाटलं. चाळीस रुपयांचा चहा बेसिनमध्ये.

बोलका पोपट
फाटलं ते टाकलंत कशाला? त्याचं पनीर होतं का बघायचं ना!

कराडकर
उकळत्या चहात घालायचं नसतं, आधी कोमट करून मग हळूहळू. दुसरं पाकीट ठेवा, मी पुढच्या आठवड्यात सांगलीत येतोय.